बोगुमिलाबाईंची पेन्सिल

नदीचं नाव वार्ता.
पण ही बातमी नदीने आणली नाही,
लुत्सिनाने आणली, बेकरीच्या रांगेत,
सुटे पैसे मोजता मोजता:
बोगुमिलाबाई गेल्या. मंगळवारी. झोपेतच.
मी म्हटलं, रविवारी तर शर्यती आहेत.
एवढंच सुचलं मला.

एक्केचाळीस हंगाम त्या पहिल्या वळणावर उभ्या राहिल्या,
जिथे शहाणं माणूस उभं राहत नाही.
ब्रेक नसलेल्या चार मोटरसायकली
तिथे डावीकडे कलंडतात
आणि मागच्या चाकांनी अख्खी धावपट्टी उचलून
आमच्या अंगावर फेकतात.
कच दातांत, कानांत, काकडीच्या लोणच्यात.
बाईंकडे वेल्डरचा जुना चष्मा होता,
मेणकापडाचा कोट,
आणि कोट झटकायची ठरलेली रीत:
दोनदा समोर, एकदा झेनोनवर.

झेनोनशी त्या अकरा वर्षं बोलत नव्हत्या.
पंचांचा एक निर्णय. पिवळं हेल्मेट
पडलं, की पाडलं गेलं.
चहा मात्र दर रविवारी द्यायच्या,
मध्ये कुणाला तरी उभं करून:
"ह्याला सांग, साखर घातली आहे."

बोलायला लागल्या की थांबत नसत,
पण ते एरंडाचं गुऱ्हाळ नव्हतं.
एरंडेल होतं खरं, इंजिनात जळणारं,
त्याचा जाडसर, गोडसर धूर
त्यांच्या स्वेटरच्या लोकरीत मुरलेला.
सूतगिरणीत सोमवारी म्हणे
त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे.
मी बसलो असतो.

गुण पेन्सिलनेच लिहायच्या, छापील पत्रिकेत:
तीन, दोन, एक, शून्य.
पेन पावसात रडतं, म्हणायच्या,
आणि माझ्याकडे बघायच्या,
कारण एकदा अंतिम फेरी हरल्यावर मीही.

पुतण्याने खोकी दिली. सात. केळ्यांची.
शिमोनच्या गॅरेजात ती उघडली.
स्वारांचे गुण होतेच.
पण समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, आम्ही होतो.
"लुत्सिना, आठवा महिना, तरी आली. तीन."
"शिमोन, आईला इस्पितळात ठेवून थेट. तीन. (की शून्य?)"
"झेनोन आठव्या शर्यतीनंतर पळाला. गारठा म्हणे. शून्य."
पुढच्या रविवारी: "झेनोनला न्यूमोनिया. शून्य खोडणे."
खोडलं नव्हतं.
माझ्या नावापुढे एके ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह.
त्या रविवारी मी कुठे होतो,
आता विचारायचं कुणाला?

झेनोन त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसला.
मग म्हणाला, पाडलंच होतं पिवळ्याला.
कुणी काही बोललं नाही.
शिमोनचं मांजर एका रिकाम्या खोक्यात जाऊन बसलं.

रविवारी एक मिनिट शांतता पाळली.
एक मिनिट म्हणजे एक शर्यत, चार फेऱ्या.
डोळे मिटून मी त्या पुऱ्या केल्या,
शेवटच्या वळणावर जरा कचरलो.
बाई म्हणाल्या असत्या, अठ्ठावन्न सेकंदांत व्हायला हवी होती.

पेन्सिल यागोदाकडे दिली,
तीच ती, आठव्या महिन्यातली, आता सतरा वर्षांची.
दहाव्या शर्यतीपर्यंत बेरीज जुळली.
मग दोन गुण कुठे तरी गळाले.
आम्ही भांडलो, बोटं मोजली, लाल की निळा,
आणि मग सगळेच एकदम
डावीकडे वळलो, विचारायला.

कठड्यावर कच साचत होती.
तिथली कच आजवर साचली नव्हती.

थर्मास आणला होता झेनोनने.
पहिला घोट घेतला तशी यागोदा थांबली,
पानावर फुंकर मारली,
हरवलेले दोन गुण तसेच सोडले
आणि समासात लिहू लागली:
"झेनोन. साखर विसरला."
पुढचा आकडा हाताने झाकून.